डॉल्फिन मोजायला येणारी पोरं आणि आपली जाळी



पावसाळी बंदी उठून पाणी निवळलं, की नोव्हेंबरनंतर कॉलेजच्या मुलांचे गट किनाऱ्यावर दिसू लागतात. अंगात लाइफ जॅकेट, गळ्यात कॅमेरा, हातात वही. डॉल्फिन आणि आपल्या उष्ण पाण्यातले इतर जीव शिकायला ती आलेली असतात. काही दिवस राहतात, होडी मागतात, खूप प्रश्न विचारतात. मग सभासद आम्हाला विचारतात, "ह्यांना होडीवर घ्यायचं का? उद्या ह्यांच्याच कागदावरून आमचं पाणी बंद झालं तर?"

शंका रास्त आहे. म्हणून ही पोरं नेमकं काय करतात ते आधी समजून घेऊ.

आपल्या किनाऱ्याजवळ दिसतो तो बहुतेक कुबडवाला डॉल्फिन. 1829 साली फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी मलबारच्या किनाऱ्यावरच्या नमुन्यावरून त्याला नाव दिलं. त्याचा अर्थ शिशाच्या रंगाचा, आपल्या जाळ्याला लावतो त्या शिशाचा. हा खोल दर्यात जात नाही. साधारण 25 मीटर, म्हणजे 13-14 वावांच्या आतलं पाणी आणि खाडीची तोंडं हेच त्याचं घर. आपली रापण आणि गिलनेटही तिथंच पडतात. दोघांचं पोट एकाच पट्ट्यावर चालतं, म्हणून गाठ पडते.

मुलं होडी ठरलेल्या रेषेत सावकाश चालवायला सांगतात. डॉल्फिन दिसला की वेळ, जागा, किती नग, सोबत पिल्लू आहे का, आजूबाजूला किती होड्या, सगळं लिहितात. पाठीवरच्या पराचा फोटो काढतात. परावरच्या खाचा आणि व्रण प्रत्येकाचे वेगळे, त्यावरून जनावर ओळखता येतं. अमेरिकेत फ्लोरिडातल्या सॅरासोटा खाडीत 1970 पासून असं काम चालू आहे. तिथं आई, मुलगी, नात अशा पिढ्यांची नोंद आहे. ओहोटीला हीच मुलं खडकावर जाऊन कालवं, खेकडे, शेवाळ बघतात. बारीक जाळीनं पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव गोळा करतात. तारली, बांगड्याचं खाणं तेच.

आता आपल्या कामाची गोष्ट. डॉल्फिन जाळं फाडतो, मासळी ओढतो, हे आपल्याला बापजाद्यांपासून ठाऊक आहे. पण ते कुठं लिहिलेलं आहे? शेजारच्या सिंधुदुर्गात संशोधकांनी मच्छीमारांना विचारून अभ्यास केला, तो 2018 मध्ये छापून आला. त्यात जाळ्यांच्या नुकसानीची गोष्टही आली. त्याच वर्षाच्या शेवटी महाराष्ट्र सरकारनं जाळं कापून संरक्षित जीव सोडवणाऱ्या मच्छीमाराला 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याचं ठरवलं. एकामुळेच दुसरं झालं असं आम्ही म्हणत नाही. पण सरकारदरबारी आपलं नुकसान मांडायचं तर तोंडी सांगून भागत नाही, कागद लागतो.

डॉल्फिन 1972 च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. मुद्दाम मारणं आणि चुकून जाळ्यात येणं ह्यात फरक आहे, आणि तो फरक दाखवायलाही नोंदच उपयोगी पडते.

ब्राझीलमध्ये लागुना गावात पाग टाकणारे मच्छीमार डॉल्फिनच्या इशाऱ्याची वाट बघतात. डॉल्फिन शेवट्यांचा थवा काठाकडे हाकलतात, मग पाग पडतो. दोघांनाही मासळी जास्त मिळते, हे संशोधकांनी मोजून दाखवलं. म्हाताऱ्या पागकऱ्यांचं शहाणपण असं जगासमोर आलं.

म्हणून आमचं मत असं, की पोरांना होडीवर घ्यावं, पण पुढच्या गोष्टी आधी बोलून:

1. भाडं आणि वेळ अगोदर ठरवा. जाळं टाकायच्या वेळेत होडी देऊ नका. वारा वाढला की परत फिरायचं, ह्यात तडजोड नाही.

2. तुमच्या मासळीच्या जागा वहीत गेल्या तरी त्या जाहीर होणार नाहीत, असं त्यांच्या सरांकडून लिहून घ्या.

3. काम संपल्यावर काय सापडलं ते मराठीत किंवा कोकणीत संस्थेत येऊन सांगायचं आणि एक प्रत ठेवून जायचं. नुसते फोटो काढून पळायचं नाही.

4. डॉल्फिनजवळ इंजिन हळू, होडी बाजूनं समांतर. मधे घुसू नका, घेरू नका, आई-पिल्लाची ताटातूट करू नका. पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या आपल्याच भावांनाही हे लागू. डॉल्फिन हटला तर धंदा कोणाचा बसणार?

5. जाळ्यात जिवंत सापडला तर जाळं कापून सोडा. फाटलेल्या जाळ्याचा फोटो, तारीख, वेळ, जागा संस्थेला कळवा. मेलेला दिसला तर वनखात्याला सांगा.

आणि मंडळी, आपली स्वतःची पोरंही ह्या मुलांबरोबर पाठवा. वारा, सुकती, पाण्याचा रंग त्यांना घरात शिकायला मिळतो. वही भरायला ती इथं शिकतील. पुढं कधी आपल्या पाण्यावर निर्णय घ्यायला कोणी बसलं, तर टेबलाच्या त्या बाजूला आपल्यातलं एक माणूस असायला हवं.

यंदा कोणाच्या होडीवर मुलं आली होती? काय बघितलं, जाळ्याचं किती नुकसान झालं, खाली लिहा. आम्ही संस्थेच्या वहीत उतरवून ठेवतो.