काळ्या डब्याचे निष्ठावंत

मनुष्याची निष्ठा कोणत्या वस्तूवर जडेल याचा नेम सांगतां येत नाहीं. एखाद्या घरांत चहा अमुकच मार्क्याचा लागतो, आजोबांना घड्याळ अमुकच कंपनीचें हवें असतें, आणि स्वयंपाकघरांतली विळी बदलली कीं आठ दिवस बोटांना चिंध्या बांधाव्या लागतात. असल्या निष्ठांना आपण हंसतों. परंतु त्या हंसण्यावारी नेण्यासारख्या नसतात. हल्लीं लॅपटॉप नांवाचें यंत्र बहुतेक सुशिक्षित कुटुंबांत शिरलें आहे. एकाची नोकरी, दुसऱ्याचा अभ्यास आणि तिसऱ्याचे हिशेब त्याच्याच पोटांत सांठविलेले असतात. त्यामुळें नवें यंत्र घेण्याची वेळ आली कीं घरांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, बाजारांत जें स्वस्त आणि झकपक असेल तें घ्यावें. दुसरा पक्ष, आणि यांत बहुधा एकटे काकाच असतात, एका नांवाला चिकटून बसतो. हा हट्ट कोठून येतो याचा शोध घ्यावयाचा तर ‘थिंकपॅड’ या लॅपटॉपाइतकें चांगलें उदाहरण दुसरें सांपडणार नाहीं. कारण त्याचे निष्ठावंत जगभर पसरलेले असून त्यांची निष्ठा एकदां सोडून दोन-तीनदां कसाला लागलेली आहे.

थिंकपॅडचा जन्म १९९२ सालचा. त्याची जननी अमेरिकेंतील आय.बी.एम. कंपनी, परंतु प्रत्यक्ष घडण झाली जपानांतील यामातो येथील प्रयोगशाळेंत, आरिमासा नाइतो यांच्या देखरेखीखालीं, आणि रूप दिलें मिलान येथें राहून काम करणाऱ्या रिचर्ड सापर या जर्मन कलावंतानें. जपानी लोक ज्या चौकोनी, काळ्या, लाखेचें रोगण दिलेल्या डब्यांतून जेवण वाढतात तो सापरच्या डोळ्यांपुढें होता. बाहेरून अगदीं साधा, ना नक्षी ना चमक; झांकण उघडल्यावर मात्र आंतली नीटनेटकी व्यवस्था दिसावी. नांवाचीहि मौज आहे. आय.बी.एम.चे धुरीण थॉमस वॉटसन यांनीं ‘थिंक’, म्हणजे ‘विचार करा’, हें कंपनीचें ब्रीद करून ठेवलें होतें, आणि तो शब्द छापलेल्या लहान टिपणवह्या तेथील लोक खिशांत वागवीत. त्या वहीवरून यंत्राचें बारसें झालें.

काळ्या कळफलकाच्या मधोमध कुंकवाच्या टिकलीएवढें एक तांबडें रबरी बोंड असतें. नवख्याला तें शोभेचें वाटतें. निष्ठेचें मूळ मात्र तेथेंच आहे. टंकलेखन करतांना पडद्यावरील बाण हलवावयाचा म्हणजे हात कळांवरून उचलून माउसाकडे न्यावा लागतो आणि पुन्हां परत आणावा लागतो. या प्रत्येक खेपेला सुमारें पाऊण सेकंद जातो. टेड सेल्कर या संशोधकाला ही नासाडी खटकली, आणि बोटें जागेवरून न हलवितां बाण फिरवितां यावा म्हणून त्यानें हें बोंड कळांच्या मध्यें आणून बसविलें. तें सरकत नाहीं. त्यावर बोटाचा दाब द्यावा लागतो, आणि दाबाच्या कमीअधिकपणावर बाणाची गति ठरते. (तांबडा रंग धोक्याच्या कळेसाठीं राखलेला असल्यामुळें रचनाकारांनीं कागदोपत्रीं त्याला ‘मॅजेंटा’ म्हटलें, अशी हकीकत सांगतात. नियमाला अशी बगल देण्याची युक्ति आपल्याकडील कचेऱ्यांनाहि अपरिचित नाहीं.) पहिले चार दिवस बाण भलतीकडेच पळतो आणि शिकाऊ माणूस चिडतो. पंधरवड्यानंतर हाताला असें वळण पडतें कीं दुसऱ्या कोणत्याहि यंत्रापुढें बसलें तरी तर्जनी आपोआप तें बोंड चाचपूं लागते. अशी ही निष्ठा आधीं बोटांत उतरते; मनाला तिची कारणें मागाहून सुचतात.

दुसरें कारण गृहस्थाश्रमाचें आहे. थिंकपॅडचें पोट कसें उघडावें, कोणता स्क्रू आधीं काढावा, पंखा कोणता, बिजागरी कोणती, हें सर्व चित्रांसह सांगणारी दुरुस्तीची पुस्तिका कंपनीनें कोणासहि मोफत वाचावयास ठेवली. प्रत्येक सुट्या भागाला क्रमांक दिला. कित्येक नमुन्यांत कळफलकाखालीं पन्हळी ठेवून, सांडलेलें पाणी यंत्राच्या गाभ्यांत न शिरतां तळाच्या भोंकांतून निघून जावें अशी सोय केली. ज्या घरांत चहाचा पेला आणि तीन वर्षांचें मूल हीं दोन्हीं यंत्राच्या शेजारींच नांदतात, तेथें या भोंकांची किंमत वेगळी सांगावयास नको. शिवाय मोठमोठ्या कंपन्या हीं यंत्रें शेंकड्यांनीं घेतात आणि तीन-चार वर्षांनीं काढून टाकतात. तीं मग जुन्या बाजारांत येतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड काय किंवा दिल्लीचें नेहरू प्लेस काय, तेथें बेतानें पैसे बाळगणारा विद्यार्थी नव्या स्वस्त यंत्राऐवजीं असला जुना काळा डबा उचलतो. एकाच नमुन्याचीं इतकीं यंत्रें फिरत असल्यामुळें सुटे भागहि मिळतात. अनेकांची निष्ठा अशी दुसऱ्या हाताच्या वस्तूवरच प्रथम बसलेली असते.

निष्ठावंत मंडळी आणखी एक दाखला अभिमानानें देतात. १९९३ सालीं ‘एन्डेव्हर’ हें यान हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीसाठीं अंतराळांत गेलें तेव्हां थिंकपॅड बरोबर होता. गोष्ट खरी आहे. पण अंतराळांत टिकलें म्हणून तें आपल्या बैठकीच्या खोलींत टिकेल, हा युक्तिवाद आम्हांस फारसा पटत नाहीं. खोलींत धूळ असते.

खरी कसोटी लागली ती डिसेंबर २००४ मध्यें. त्या महिन्यांत आय.बी.एम.नें आपला हा सारा व्यवसाय लेनोव्हो या चिनी कंपनीस विकण्याचें जाहीर केलें, आणि २००५ च्या मे महिन्यांत तो सुमारें पावणेदोन अब्ज डॉलरांचा व्यवहार पुरा झाला. आतां निष्ठा कोणाशीं ठेवावयाची? पुष्कळांनीं अंत्यविधीची भाषा काढली. परंतु यामातोची प्रयोगशाळा व नाइतो हे नव्या मालकाबरोबर गेले. घडविणारे हात तेच राहिले, आणि भक्त हळूहळू परतले. २०१२ सालीं मात्र जुना सात ओळींचा कळफलक जाऊन सहा ओळींचा, चपट्या सुट्या कळांचा आला. पुढील वर्षीं बोंडाच्या सोबतीच्या तीन कळाहि काढून टाकल्या. सापरच्या डब्यावरील फुली पुसल्याप्रमाणें लोक खवळले. त्यांनीं कंपनी सोडली नाहीं. त्यांनीं कंपनीशीं भांडण मांडलें. २०१५ च्या नमुन्यांत तीन कळा परत आल्या. त्याच वर्षीं थिंकपॅडचे मुख्य रचनाकार डेव्हिड हिल यांनीं जुन्या धर्तीचें यंत्र कोणाला हवें आहे, असें जाहीरपणें विचारलें, आणि २०१७ सालीं पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त सात ओळींचा कळफलक असलेला एक नमुना खरोखर निघाला. चीनमधील कांहीं हौशी मंडळींनीं तर जुन्या थिंकपॅडच्या सांगाड्यांत बसतील असे नवे मुख्य फलक स्वतःच तयार करविले. देव्हारा तोच ठेवून आंतली मूर्ति नवी घडविण्यासारखाच हा प्रकार!

ही भांडखोर निष्ठा आम्हांस आदरणीय वाटते. तिची दुसरी जातहि आहे, आणि ती तितकी चांगली नाहीं. स्वतःला दुरुस्तीस मोकळें म्हणविणाऱ्या याच यंत्रानें कित्येक वर्षें परक्या बनावटीचें बिनतारी कार्ड बसविलें तर सुरूच व्हावयाचें नाकारलें. त्याविषयीं भक्त बहुधा मौन पाळतात. २०१५ च्या आरंभीं लेनोव्होनें आपल्या घरगुती लॅपटॉपांत ‘सुपरफिश’ नांवाचें जाहिराती घुसविणारें सॉफ्टवेअर आधींच भरून विकल्याचें उघडकीस आलें. त्यामुळें त्या यंत्रांची सुरक्षितता धोक्यांत आली होती. थिंकपॅडांत तें नव्हतें, हें खरें. पण ‘आमच्या शाखेला विटाळ नाहीं’ एवढेंच म्हणून गप्प बसणें म्हणजे भाऊबंदांचीं पापें झांकण्यासारखें झालें.

आज ही निष्ठा ज्या पायावर उभी राहिली तो पायाच हलूं लागला आहे. यंत्र पातळ करण्याच्या हौसेपायीं ‘एक्स-१ कार्बन’सारख्या महागड्या नमुन्यांत मेमरी मुख्य फलकावरच डाख देऊन पक्की केलेली असते, ती बिघडली तर सारा फलकच बदलावा लागतो, आणि वाढवितां तर मुळींच येत नाहीं. उलट २०२४ सालीं ‘आयफिक्सिट’ या दुरुस्तीविषयक कंपनीच्या सहकार्यानें ‘टी-१४’चा नवा नमुना उघडण्यास व भाग बदलण्यास अधिक सोपा करण्यांत आला. दुकानांत हीं दोन्हीं यंत्रें एकाच फळीवर ठेवलेलीं दिसतात. रंग काळाच, नांव एकच, आणि तांबडें बोंडहि दोहोंवर तसेंच आहे.