शोभिवंत माशांचे स्थानांतरण

जलजीवालयातील मासे पकडून एका टाकीतून दुसऱ्या टाकीत हलविण्याच्या क्रियेस स्थानांतरण म्हणतात. टाकी लहान पडणे, तिला गळती लागणे, मालकाने घर बदलणे, भांडखोर किंवा रोगट मासे वेगळे करणे, तसेच प्रजननासाठी जोड्या निवडणे या कारणांनी ते करावे लागते. हे काम वरवर सोपे भासते; तथापि त्यानंतर काही तासांत वा पहिल्या काही आठवड्यांत मासे दगावण्याचे प्रकार नवख्या पालकांच्या बाबतीत वारंवार घडतात. दोष बहुधा जाळ्याला दिला जातो. परंतु बहुसंख्य वेळा मूळ कारण नव्या पाण्यात असते. मासा हलविणे म्हणजे त्याच्या शरीरक्रिया ज्या माध्यमाशी जुळलेल्या असतात, ते माध्यमच बदलणे होय.

शरीरक्रियात्मक पार्श्वभूमी : गोड्या पाण्यातील माशांच्या रक्तात लवणांचे प्रमाण भोवतालच्या पाण्यापेक्षा पुष्कळ जास्त असते. त्यामुळे तर्षणाने पाणी सतत शरीरात शिरते व लवणे बाहेर जाऊ पाहतात. कल्ले व मूत्रपिंडे हा समतोल राखतात आणि त्वचेवरील बुळबुळीत श्लेष्म्याचा थर त्यास साहाय्य करतो. रोगजंतूंनाही तो अटकाव करतो. पाठलाग व हाताळणी यांमुळे रक्तातील कॉर्टिसोल हे हॉर्मोन वाढते, लवणांचा समतोल ढळतो आणि रोगप्रतिकारक्षमता घटते. श्लेष्म्याचा थर खरवडला गेल्यास तेथे सॅप्रोलेग्निया या कवकसदृश जीवाचा कापसासारखा पुंजका वाढतो. इक्थिऑफ्थिरियस या आदिजीवामुळे होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोगही अशा ताणानंतर बळावतो.

नव्या टाकीची पूर्वतयारी : मासे कल्ल्यांवाटे अमोनिया उत्सर्जित करतात. टाकीतील सूक्ष्मजीव त्याचे प्रथम नायट्राइटात व नंतर नायट्रेटात रूपांतर करतात. यांपैकी पहिले दोन पदार्थ अल्प प्रमाणातही विषारी असतात, तर नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी असते. दुसरा टप्पा नायट्रोबॅक्टर हे जीवाणू पार पाडतात अशी पूर्वी समजूत होती. जलजीवालयात हे कार्य मुख्यतः नायट्रोस्पिरा करतात, असे नंतरच्या संशोधनावरून दिसून आले आहे. हे सूक्ष्मजीव गाळणीच्या स्पंजावर, वाळूवर व खड्यांवर वाढतात आणि नव्या टाकीत त्यांची पुरेशी वाढ होण्यास सु. ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणून लखलखीत स्वच्छ टाकी ही माशांच्या दृष्टीने सुरक्षित असतेच असे नाही. जुन्या गाळणीतील स्पंज व काही खडे न धुता, ओल्या स्थितीतच नव्या टाकीत हलविल्यास हा धोका बराच कमी होतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन कल्ल्यांना इजा करतो व हे सूक्ष्मजीवही मारतो. सोडियम थायोसल्फेट योग्य मात्रेत घातल्यास किंवा उघड्या भांड्यात हवा सोडत पाणी एक दिवस ठेवल्यास तो नाहीसा होतो. पाणी क्लोरामाइनाने निर्जंतुक केलेले असल्यास मात्र ते नुसते उघडे ठेवणे पुरेसे नसते.

पकडण्याची रीत : दूर अंतरावर न्यावयाच्या माशांना आदला दिवसभर खाद्य देऊ नये, त्यामुळे वाहतुकीच्या वेळी पाणी कमी दूषित होते. प्रथम दिवे मालवावेत, मोठे दगड व शोभेच्या वस्तू काढाव्यात आणि टाकीतील पाणी निम्म्याहून कमी करावे. मऊ व बारीक विणीची दोन जाळी घ्यावीत. एक स्थिर धरून दुसऱ्याने माशाला सावकाश त्याकडे वळवावे. मासा जाळ्यात आल्यावर पाण्यातच त्याच्याखाली भांडे धरून त्याला पाण्यासह उचलणे सर्वांत हितावह असते. बटबटीत डोळ्यांच्या सोनमाशांना व लांब परांच्या लढाऊ माशांना जाळ्याऐवजी भांड्यानेच पकडावे. मार्जारमीनांच्या परांतील काटे जाळ्यात अडकतात. अशा वेळी मासा ओढून न काढता जाळे कापावे. माशाला हात लावणे अटळ असल्यास हात ओले असावेत.

वाहतूक : पॉलिथीनच्या पिशवीत एक-तृतीयांश जुन्या टाकीचेच पाणी व उरलेल्या भागात हवा किंवा ऑक्सिजन भरतात. २५° से. तापमानास हवेशी संपृक्त गोड्या पाण्यात प्रति लिटर सु. ८ मिग्रॅ.च ऑक्सिजन विरघळलेला असतो व तापमान वाढेल तसा तो कमी होतो. त्यामुळे पिशवी पाण्याने काठोकाठ भरणे घातक ठरते. पिशवी अंधारात व थंड जागी ठेवावी.

नव्या पाण्यात सोडणे : पिशवी बंद स्थितीत १५–२० मिनिटे नव्या टाकीत तरंगत ठेवल्यास दोन्ही पाण्यांचे तापमान सारखे होते. पुढील कृती प्रवासाच्या कालावधीवर अवलंबून असते. प्रवास थोड्या वेळाचा असल्यास दर पाच-दहा मिनिटांनी पिशवीत थोडे नवे पाणी घालीत अर्ध्या-पाऊण तासात मासा सोडावा. प्रवास अनेक तासांचा असल्यास मात्र हीच सावधगिरी अपायकारक ठरू शकते. बंद पिशवीत कार्बन डाय-ऑक्साइड साचून पीएच मूल्य उतरते व अमोनिया बहुतांशी कमी विषारी अशा अमोनियम आयनाच्या रूपात राहतो. पिशवी उघडताच कार्बन डाय-ऑक्साइड निघून जाऊन पीएच मूल्य चढते. २५° से. तापमानास पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी सु. ०·६ टक्के, तर पीएच ८ असताना सु. ५ टक्के विषारी रूपात असतो. म्हणून अशा वेळी तापमान जुळल्यावर पिशवी उघडून विलंब न लावता मासे हलवावेत. त्याकरिता नव्या टाकीतील पाण्याची लवणता व पीएच मूल्य मूळ टाकीच्या पाण्याशी आधीच जुळविलेली असावीत. दोन्ही प्रकारांत मासे जाळ्याने किंवा भांड्याने काढून घ्यावेत व पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये.

नंतरची काळजी : पहिला दिवस दिवे बंद ठेवावेत व खाद्य देऊ नये. काही मासे बुजून उड्या मारतात, म्हणून टाकीवर झाकण असावे. बाहेरून आणलेले मासे दोन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून मगच इतरांत मिसळावेत. पहिला महिनाभर अमोनिया व नायट्राइट यांची वरचेवर तपासणी करावी; त्यांचे प्रमाण वाढल्यास खाद्य कमी करून तापमान जुळविलेल्या, क्लोरीनरहित पाण्याने टाकीतील काही पाणी बदलावे. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागणे हे पाणी बिघडल्याचे ठळक लक्षण होय. गुरामी व लढाऊ मासे मात्र हवेतील ऑक्सिजन घेण्यासाठी एरवीही वर येतात. त्यांच्या बाबतीत हे लक्षण विचारपूर्वक लावावे.