टपरी विकली, थकलेले जागाभाडे कुणाचे?

व्यवहाराआधी एवढे माहीत हवे

हिंगोलीचा बसस्थानक परिसर असो की औंढा नागनाथच्या मंदिराचा रस्ता, पत्र्याची टपरी बहुधा एकाची आणि खालची जागा दुसऱ्याची.

• टपरी : दगडांवर टेकवलेली, उचलून नेता येणारी टपरी ही जंगम वस्तू. ती विकली म्हणून जागेचा हक्क आपोआप विकला जात नाही.

• थकबाकी : विक्रीच्या दिवसापर्यंतचे भाडे जुन्या भाडेकरूचेच. पुढचेही सुटतेच असे नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882, कलम 108 : वेगळा करार नसेल, तर हक्क दुसऱ्याला दिला एवढ्यावरून मूळ भाडेकरूची जबाबदारी संपत नाही. नव्या भाडेकरूने भाडे थकवले, तरी जागामालक जुन्याला गाठू शकतो. विकणारा-घेणारा यांच्यातला स्टॅम्पपेपर मालकाला बांधत नाही. नेमके हेच बहुतेकांना ठाऊक नसते.

• दाव्याची मुदत : भाडे देय झाल्यापासून 3 वर्षे (मुदत अधिनियम, 1963).

• पथविक्रेते : 2014 च्या कायद्यानुसार विक्री प्रमाणपत्र किंवा त्यावरील जागा विकता येत नाही, भाड्यानेही देता येत नाही. विक्रेत्याच्या मृत्यूनंतर ती पती, पत्नी किंवा अवलंबून असलेल्या अपत्याकडे जाऊ शकते.

पैसे हातात घेण्याआधी जागामालकाकडून लेखी बेबाकी दाखला घ्या आणि भाडेपावती नव्या नावावर करून घ्या.