अडकलेली कांडी

यंत्रमागाची खडखड आपल्या सोलापुरात कोणाला नवी नाही. धोट्यात कांडी घालतात, सूत संपले की ती काढून दुसरी घालतात. समजा, हुबेहूब कांडीसारखी पण सूत नसलेली एखादी वस्तू धोट्यात गच्च बसली आणि काही केल्या निघेना, तर? माग उभा राहील. रक्ताच्या कर्करोगावरचे मेथोट्रेक्सेट हे औषध पेशीत असाच माग उभा करते.

पेशीचे विभाजन होण्यापूर्वी तिला आपल्या डीएनएची नक्कल करावी लागते. त्यातील थायमीन हा घटक बनवताना एक कार्बन अणू लागतो. तो आणून देणारा हमाल म्हणजे फॉलिक अम्लाचे एक रूप. परंतु कार्बन देताना हा हमाल स्वतःचे हायड्रोजनही गमावतो आणि निकामी होतो. डायहायड्रोफोलेट रिडक्टेज नावाचे एंझाइम त्याला हायड्रोजन परत देऊन पुन्हा कामाला लावते. मेथोट्रेक्सेटचा रेणू फॉलिक अम्लासारखाच दिसतो. म्हणून तो या एंझाइमच्या खाचेत शिरतो, आणि खऱ्या रेणूपेक्षा कितीतरी पट घट्ट बसतो. हमाल संपतात, थायमीन संपते, पेशी मरते. १९७७ मध्ये क्ष-किरणांनी या जोडीची रचना उलगडली आणि त्यातून पुढे एक गंमत कळली. औषधाच्या रेणूचा वलयांचा भाग खाचेत फॉलिक अम्लाच्या मानाने उलटा बसतो! (क्ष-किरण हा आम्हा पदार्थविज्ञानवाल्यांचा विषय, म्हणून एवढा अभिमान.)

या हकीकतीची सुरुवात मुंबईची आहे. १९२८ साली ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर तेथे आल्या. गिरणी कामगारांतील गरोदर स्त्रियांचा पंडुरोग यीस्टच्या अर्काने बरा होतो, असे त्यांना आढळले. अर्कातील ते द्रव्य फॉलिक अम्ल, हे पुढे समजले. रक्तपेशी वाढवणारे हे द्रव्य रक्ताचा कर्करोगही वाढवत असावे, असे बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांना वाटले. मग त्याचा तोतया का करू नये? भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ले प्रयोगशाळेत होते. त्यांच्या चमूने अमिनोप्टेरिन तयार केले. १९४८ मध्ये फार्बर यांनी १६ मुलांची हकीकत छापली. १० मुलांना उतार पडला, पण तात्पुरता. मेथोट्रेक्सेट हे अमिनोप्टेरिनचेच भावंड.

तात्पुरता का? काही कर्कपेशी त्या एंझाइमच्या जनुकाच्या अनेक प्रती काढतात. धोटेच इतके होतात, की खोट्या कांड्या पुरत नाहीत. १९७८ मध्ये हे प्रयोगाने दिसले. म्हणून आज परळच्या टाटा रुग्णालयात काय किंवा अन्यत्र काय, हे औषध एकटे न देता इतर औषधांच्या जोडीने देतात. आणि पूर्ण उपचार मिळालेली बरीच मुले बरी होतात.

औषधाला आपपर मात्र कळत नाही. तोंडातील, आतड्यातील, अस्थिमज्जेतील निरोगी पेशीही भराभर वाढतात, त्यांनाही ते अडवते. मोठी मात्रा दिल्यावर डॉक्टर ठरावीक वेळाने फॉलिनिक अम्ल देतात. हा हमाल हायड्रोजनसकट तयार असतो, त्याला अडकलेल्या एंझाइमची गरज पडत नाही. पुढे घरी घ्यायची गोळी आठवड्यातून एकदाच असते. ती चुकून रोज घेतली, तर जिवावर बेतते.