गुमास्ता लागतो की नुसती सूचना? छोट्या दुकानांसाठी नेमका बदल काय?

माजलगाव किंवा अंबाजोगाईच्या बाजारपेठेत दोन-तीन माणसांच्या बळावर दुकान टाकणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो 'गुमास्त्या'चा.

नियम काय?
१९४८च्या कायद्यात अशा छोट्या दुकानालाही नोंदणी करावी लागे. २०१७च्या नव्या दुकाने व आस्थापना कायद्याने १० पेक्षा कमी कामगार असलेल्यांना त्यातून सूट दिली. त्यांनी व्यवसाय सुरू झाल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती जपून ठेवायची. ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा २० कामगारांवर नेण्यास मान्यता दिली.

काय सुटत नाही?
सूचना दिली म्हणजे सगळे परवाने मिटले, असे नाही. हॉटेल, किराणा, मिठाईवाल्यांना अन्न सुरक्षा नोंदणी वेगळी करावीच लागते. 'उद्यम' नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते; त्यासाठी शुल्क नाही.

दुसरी बाजू
साप्ताहिक सुट्टी, जादा कामाचा दुप्पट मोबदला या तरतुदी याच कायद्यात आहेत. मर्यादा २० झाली की १२ कामगारांच्या दुकानात मालकाची कागदपत्रे कमी होतात, पण नोकराचे हे संरक्षणही जाते. सवलत मोजताना हा हिशेबही मांडायला हवा.