वायूचा हिशेब झाला, नत्राचा कधी?

गोबरगॅस संयंत्राची उपयुक्तता सांगताना आपण बहुधा चुलीपाशी थांबतो. किती सरपण वाचले, किती घरांतला धूर गेला, हे मोजले जाते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने ‘सतत’ योजना जाहीर केली, तेव्हाही ५००० मोठ्या संयंत्रांचे उद्दिष्ट सांगितले गेले ते वाहनांना लागणाऱ्या वायूच्या संदर्भात. संयंत्रातून बाहेर पडणाऱ्या रबडीची नोंद मात्र ‘खतही मिळते’ एवढ्यावरच आटोपते. वस्तुतः हिशेबातली मोठी चूक नेमकी तेथेच होते.

संयंत्रात शेण, प्रेसमड वा कोंबड्यांची विष्ठा कुजते तेव्हा कर्बाचा बराच भाग वायुरूपाने निघून जातो. नत्र मात्र जवळजवळ सगळे रबडीत उरते आणि त्याचा मोठा हिस्सा अमोनियमचे रूप घेतो. हे रूप पिकाला लवकर लागू पडते. पण ते टिकाऊ नाही. रबडी उघड्या खड्ड्यात उन्हाने वाळली की अमोनियमचा अमोनिया होऊन तो हवेत जातो. शेतकरी मग तेच नत्र युरियाच्या गोणीतून विकत आणतो.

घरगुती संयंत्राला यावर यंत्राची गरज नाही. खड्ड्यावर सावली, रबडीत पालापाचोळा आणि ती वेळेवर मातीआड करणे, एवढे पुरेसे आहे. मोठ्या संयंत्राचा प्रश्न निराळा आहे. तेथे घन भाग वेगळा काढून विकता येतो. परंतु बहुतेक अमोनियम उरलेल्या पाण्यात असते. हे पाणी दूर नेणे म्हणजे पाण्याचेच भाडे भरणे, आणि जवळच्याच शेतांत ते गरजेपेक्षा अधिक सोडले तर नायट्रेट विहिरीत उतरते. अशा ठिकाणी चुना घालून वा उष्णता देऊन, हवा फुंकून अमोनिया बाहेर काढता येतो आणि गंधकाम्लात शोषून त्याचे अमोनियम सल्फेट हे परिचित खत बनवता येते. कोंबड्यांच्या विष्ठेवरील संयंत्रात तर साचलेला अमोनिया वायू निर्माण करणाऱ्या जिवाणूंनाच मारक ठरतो. तो काढला तर दुहेरी लाभ होतो.

मग हे सर्रास का होत नाही? अडचण रसायनशास्त्रात नसून किमतीत आहे. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीची किंमत कर व कडुनिंब-लेपनाचा आकार वगळून २४२ रुपये ठरवलेली आहे. गोणीत ४६ टक्क्यांप्रमाणे २०.७ किलो नत्र असते. म्हणजे किलोला बारा रुपयांहूनही कमी. उरलेला खर्च, त्यातही आयात नैसर्गिक वायूचा, सरकारी तिजोरी सोसते. आम्ल, ऊर्जा व यंत्रे यांचा खर्च करून मिळवलेले नत्र या भावाशी स्पर्धा करू शकत नाही. युरोपीय समुदायाने १९९१ च्या निर्देशानुसार प्रदूषणप्रवण क्षेत्रांत शेणखताच्या नत्राला हेक्टरी १७० किलोची मर्यादा घातली. त्यामुळे तेथे जादा नत्राची विल्हेवाट हाच एक खर्च झाला आणि पुनर्प्राप्तीला अर्थ आला.

आपल्याकडे २०२३ मध्ये अशा संयंत्रांच्या सेंद्रिय खताला टनामागे १५०० रुपये विपणन साहाय्य मंजूर झाले. हेतू स्तुत्य आहे. परंतु मदत वजनावर दिली की नत्र राखलेला टन आणि नत्र उडून गेलेला टन सारखेच ठरतात. जे राखल्याचा मोबदला नाही, ते कोण राखील? साहाय्याचा काही भाग तपासणीत आढळलेल्या नत्राच्या किलोवर दिला, तर नत्र वाचवण्याचा मार्ग संयंत्रचालक स्वतःच शोधतील. जेथे शेत जवळ आहे तेथे तो रबडी थेट जमिनीत घालण्याचा असेल, जेथे नाही तेथे पुनर्प्राप्तीचा.

एका हाताने नत्र वाऱ्यावर सोडायचे आणि दुसऱ्या हाताने तेच अनुदान देऊन विकायचे, हा व्यवहार कोणत्याही गृहस्थाने आपल्या घरात चालू दिला नसता. तो राष्ट्राच्या घरात तरी का चालावा?