बाजरीची भाकरी आणि घरातले मीठ



शेवगाव तालुक्यात थंडी पडली की चुलीवर बाजरीची भाकरी आलीच. पण “बाजरीने गलगंड होतो” असे कोणी सांगितले, तर घाबरून भाकरी सोडू नका. खरे काय ते समजून घ्या.

गळ्याच्या पुढच्या बाजूला थायरॉईड ग्रंथी असते. अंगातली ऊब, मुलांची वाढ आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूची घडण तिच्या रसावर अवलंबून असते. हा रस तयार व्हायला आयोडीन लागते. मोठ्या माणसाला रोज फक्त १५० मायक्रोग्रॅम पुरते. गरोदर बाईला जास्त लागते. ते कमी पडले की ग्रंथी जास्त राबते आणि फुगते. हाच गलगंड.

काही अन्नातली द्रव्ये या कामात आडवी येतात. कोबी, फुलकोबी, मुळा यांतली अशी द्रव्ये शिजवल्यावर बरीच कमी होतात. बाजरीतली मात्र चिवट. ती कोंड्यात जास्त असतात आणि भाकरी भाजली तरी पुरती जात नाहीत. सुदानच्या दारफूर भागात बाजरी हेच मुख्य अन्न आणि आयोडीनही अपुरे. तिथे गलगंड फार आढळला. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात बाजरीतली ही द्रव्ये ओळखली गेली.

म्हणजे एकटी बाजरी दोषी नाही. रोज नुसती बाजरी आणि आयोडीनची टंचाई, ही जोडी वाईट. म्हणून एवढे करा:

१. स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच वापरा. जनावरांसाठी आणलेले खडेमीठ घरच्या जेवणात नको. २००६ पासून माणसांच्या खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकायला देशात बंदी आहे.

२. मीठ धुऊ नका. झाकणाच्या कोरड्या बरणीत, चुलीपासून लांब ठेवा. भाजी-आमटीत शेवटी घाला. आयोडीनसाठी मीठ वाढवू मात्र नका.

३. बाजरीबरोबर ज्वारी, गहू आलटून पालटून खा. दूध, अंडी असू द्या.

४. गळा सुजला, सारखा थकवा येतो, थंडी सोसत नाही, पाळी बिघडली, तर दवाखान्यात रक्त तपासून घ्या. गरोदर बाईने तर टाळाटाळ करूच नये.

५. थायरॉईडची गोळी चालू असेल तर ती सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्या. न्याहारी निदान अर्ध्या तासाने. बाजरी सोडली म्हणून गोळी सोडू नका.

भाकरी आपली आहे, ती राहू द्या. बरणीतले मीठ तेवढे आजच पाहून घ्या.